दोन हिरवे एकत्र नकोत

तंत्रनिकेतनात पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) शिकवायला घेतला की मोटार चालू-बंद करून झाली, पाण्याच्या टाकीची पातळी राखून झाली, की पुढचे प्रात्यक्षिक ठरलेले असते: ट्रॅफिक सिग्नल. सोलापूरही याला अपवाद नाही. १९५६ पासूनचे शासकीय तंत्रनिकेतन, १९८३ मध्ये सुरू झालेली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, विजापूर रस्त्यावरची आयटीआय असा शिक्षणाचा पसारा या शहरात आहे, आणि अशा कुठल्याही ठिकाणच्या प्रयोगशाळेत प्लायवूडवर रंगवलेला चौक, त्यावर बसवलेले बारा एलईडी आणि मागे लोंबणाऱ्या वायरी हे दृश्य सापडावेच. लाल, हिरवा, पिवळा ठरल्या वेळी लागले की परीक्षक मान डोलावतो, जर्नलवर सही होते.

प्लायवूडवरचा चौक आणि सोलापुरातल्या सात रस्ता या ठिकाणचा खरा चौक यांच्यातले अंतर मात्र फार मोठे आहे. ते कशाकशाने बनलेले आहे आणि पीएलसीने ते किती कापता येते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक मुद्दा दडला आहे. रस्त्यावरचा पहिला सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटजवळ लागला. तो गॅसवर चाले, पोलीस हाताने फिरवी, आणि महिन्याभरातच गॅस गळून त्याचा स्फोट झाला. विजेचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलँडला १९१४ मध्ये आला. १९२० मध्ये डेट्रॉईटमधल्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने चारही बाजूंना तीन रंगांचे दिवे लावले. पुढची कित्येक दशके या दिव्यांचा मेंदू म्हणजे एक मोटार आणि तिने फिरणारा कॅमशाफ्ट होता. कॅम फिरला की एक संपर्क जुळे, दुसरा सुटे. कॅमशाफ्ट म्हटल्यावर सोलापूरकराचे कान टवकारणारच. १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी या शहरातून जगभरच्या गाड्यांना कॅमशाफ्ट पुरवते. इंजिनात झडपा उघडणारी ही वस्तू एके काळी चौकातले दिवेही लावत असे, हे तिथल्या कामगारांनाही गमतीचे वाटेल.

पीएलसीचा जन्म सिग्नलसाठी झाला नाही. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला भिंतभर रिले काढून टाकायचे होते. गाडीचे मॉडेल बदलले की हजारो वायरी उपसायच्या आणि पुन्हा जोडायच्या, याला ते कंटाळले होते. बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र बनवले आणि १९६९ मध्ये ते कारखान्यात गेले. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी ठेवली होती. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, म्हणून लॅडर. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला संगणकशास्त्र न शिकता ती वाचता यावी आणि रात्रपाळीत बिघाड झाला तर त्यानेच तो शोधावा, हा हेतू होता. वरच्या इतिहासात दडलेला मुद्दा हाच. पीएलसीचा सर्वांत मोठा गुण त्याच्या वेगात नाही, तो स्थानिक माणसाला दुरुस्त करता येतो यात आहे. सोलापूरसारख्या शहराच्या बाबतीत हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता जोडणी. साध्या चार रस्त्यांच्या चौकाला प्रत्येक बाजूचे तीन असे बारा आउटपुट लागतात. पादचाऱ्यांचे लाल-हिरवे धरले तर आणखी आठ, म्हणजे वीस. वर्गात वापरले जाणारे छोटे पीएलसी इथेच अपुरे पडतात. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेतल्या चौदा टोकांच्या मॉडेलला आउटपुट सहाच असतात, सीमेन्सच्या एस-सेव्हन बाराशेमधल्या १२१४ला दहा, मित्सुबिशीच्या बत्तीस टोकांच्या एफएक्सला सोळा. सगळ्यांनाच जोडकार्डे लावावी लागतात. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळे बाण द्यायचे तर आकडा तिशीकडे जातो. इनपुट त्या मानाने कमी: ऑटो, मॅन्युअल आणि फ्लॅशर यांचा सिलेक्टर, पोलिसाचे पुश-बटण, पादचाऱ्याचे बटण, आणि असलाच तर रस्त्याखालच्या लूपचा डिटेक्टर.

आउटपुट कुठल्या जातीचा घ्यायचा, यावर मात्र थांबायला हवे. नवशिक्या माणूस रिले आउटपुट घेतो. तो एसी-डीसी काहीही सोसतो आणि आत खट्‌ असा आवाज येतो, त्यामुळे काम झाल्याची खात्री पटते. पण हिशेब करून पाहा. पीएलसीतल्या छोट्या रिलेचे आयुष्य पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा उघडझाप इतके धरतात. दोन मिनिटांचे चक्र असेल तर दिवसाला ७२० चक्रे होतात, म्हणजे प्रत्येक दिवा ७२० वेळा लागतो. लाखाचा आकडा साडेचार महिन्यांत गाठला जातो. त्याहून वाईट गोष्ट रात्रीची. अकरा ते सहा या सात तासांत पिवळा दर सेकंदाला एकदा लुकलुकला तर २५,२०० उघडझापा होतात, आणि त्याच रिलेची लाखाची शिदोरी चार रात्रींत संपते. एलईडीचा भार हलका, म्हणून प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त टिकतो हे खरे. पण एलईडीच्या ड्रायव्हरचा सुरुवातीचा विजेचा झटका संपर्काला चटका देतच असतो. पाटीवर वर्षाला पन्नास वेळा चालणाऱ्या प्रयोगाला रिले चालतो. चौकाला चालत नाही.

म्हणून ट्रान्झिस्टर आउटपुट घ्यायचा, त्याच्या २४ व्होल्टवर सॉलिड स्टेट रिले चालवायचा आणि त्याने २३० व्होल्टचा दिवा लावायचा, अशी सरळ रीत आहे. तिच्यातही दोन खोड्या आहेत. पहिली खोडी बारीक. एसी बाजूचा सॉलिड स्टेट रिले बंद असतानाही काही मिलिअँपिअर वीज झिरपू देतो. जुन्या शंभर वॉटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. दहा-पंधरा वॉटचा एलईडी दिवा मात्र तेवढ्याने मंद पेटतो. रात्री लाल लागलेला असताना खाली हिरव्याचीही अंधुक छटा दिसू लागते. दिव्याला समांतर योग्य रेझिस्टर लावून ही झिरप पिऊन टाकावी लागते, आणि हे पुस्तकापेक्षा पॅनेल बांधणाऱ्या फिटरलाच जास्त ठाऊक असते.

दुसरी खोडी जिवावरची. साधा रिले जळला की बहुधा दिवा लागतच नाही. सॉलिड स्टेट रिले जळला की तो बहुधा आतून शॉर्ट होतो, म्हणजे दिवा कायमचा लागून राहतो. पीएलसी म्हणतो हिरवा बंद, त्याच्या पुढ्यातला छोटा एलईडीही विझलेला, पण खांबावरचा हिरवा पेटलेलाच. दुसऱ्या रस्त्याचा हिरवा त्याच्या वेळेवर लागणार. आता दोन्ही बाजूंची माणसे नियम पाळून एकमेकांवर येतील. सिग्नल बंद असेल तर लोक बिचकत, हॉर्न वाजवत, एकमेकांना शिव्या देत का होईना, सांभाळून जातात. दोन हिरवे एकत्र लागले तर कोणी बिचकतच नाही. बंद सिग्नलपेक्षा खोटे बोलणारा सिग्नल फार घातक.

बाकीची जोडणी तपशिलाची आहे, पण सिग्नल पाच वर्षे टिकणार की पाच महिने, ते तिच्यावर ठरते. दिव्यांची वीज आणि कंट्रोलची वीज वेगळ्या एमसीबीवर. पावसाळ्यातल्या विजेच्या लाटांसाठी सर्ज प्रोटेक्टर. चांगले अर्थिंग. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबराची फेरूल. खालून केबल येते तिथे घट्ट ग्लँड, नाहीतर पहिल्या पावसानंतर पॅनेलात मुंग्या, पाली आणि ओल हमखास येतात. न्यूट्रलकडे विशेष लक्ष हवे. खांबांना मिळून एकच न्यूट्रल नेला आणि तो मध्येच तुटला, तर वीज दुसऱ्या दिव्यांतून वाट शोधते आणि भलतेच दिवे मिणमिणू लागतात.

आणि ऊन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या बंद लोखंडी डब्यात तो आणखी दहा-पंधरा अंश चढणे अवघड नाही. साध्या पीएलसीच्या माहितीपत्रकात कमाल तापमान बहुधा ५५ अंश लिहिलेले असते. अमेरिकेत चौकातल्या कंट्रोलरसाठी नेमा टीएस-टू हे मानक आहे, ते उणे ३४ ते अधिक ७४ अंशांची क्षमता मागते. म्हणजे कारखान्याच्या सावलीसाठी घडलेली वस्तू आपण रस्त्यावर उभी करतो आहोत, याची जाणीव ठेवून डब्याला दुहेरी छप्पर, पांढरा रंग आणि जाळीसह पंखा द्यायला हवा. पंख्याची जाळी धुळीने बुजते. ती कोण साफ करणार, हेही लिहून ठेवावे.

प्रोग्रामकडे वळू. ट्रॅफिक सिग्नलचा लॅडर लिहिण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली म्हणजे टायमरची साखळी: पहिला टायमर संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, शेवटचा संपला की पहिल्याला पुन्हा सुरुवात. समजायला सोपी, म्हणून वर्गात तीच शिकवतात. पण एक टप्पा मध्ये घुसवायचा झाला की सगळ्या साखळीची कडी-कडी तपासावी लागते. दुसरी रीत म्हणजे एकच घड्याळ. शून्यापासून चक्राच्या शेवटापर्यंत मोजणारा एकच टायमर, आणि प्रत्येक दिव्यासाठी तुलना: घड्याळ शून्य ते तीस असेल तर पूर्वेचा हिरवा, तीस ते तेहतीस तर पिवळा. ही आटोपशीर आहे, पण पोलिसाने मध्येच बटण दाबून टप्पा लांबवला की घड्याळ थांबवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरी रीत टप्प्यांच्या तक्त्याची, आणि माझे मत तिच्याच बाजूचे. सोलापुरी चादरीवर नक्षी उमटते ती जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरून. प्रत्येक पुठ्ठ्यावरची भोके सांगतात की या फेकीला कोणते धागे वर उचलायचे, आणि पुठ्ठे एकामागून एक सरकत जातात. सिग्नलचा तक्ता अगदी असाच असतो. प्रत्येक ओळीत वीस आउटपुटपैकी कोणते चालू हे लिहिलेले, शेजारी त्या ओळीची वेळ, आणि प्रोग्रामचे काम फक्त पुढच्या ओळीवर सरकण्याचे. नवे नियोजन हवे तर तक्ता बदलायचा, प्रोग्रामला हात लावायचा नाही. १९९३ मध्ये आलेल्या आयईसी ६११३१-३ या मानकात लॅडरशेजारी सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट नावाची पद्धत आहे, ती अशा कामासाठी सोयीची पडते.

तक्त्याच्या रीतीचा आणखी एक फायदा नवशिक्याच्या हमखास चुकीशी जोडलेला आहे. लॅडरमध्ये एकाच आउटपुटची कॉईल दोन ठिकाणी लिहिली जाते: एकदा ऑटोसाठी, एकदा मॅन्युअलसाठी. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग वरपासून खालपर्यंत प्रोग्राम चालवतो, आणि शेवटी आउटपुट लिहितो. त्यामुळे खालची कॉईल वरचीला गुपचूप पुसून टाकते. ऑटोमध्ये दिवा का लागत नाही म्हणून पोरे तासभर वायरी हलवत बसतात. तक्त्याच्या रीतीत होते तशी प्रत्येक दिव्याची कॉईल संपूर्ण प्रोग्राममध्ये एकदाच असावी, आणि हिरव्याच्या कॉईलच्या आधी बाकी सगळ्या विरोधी हिरव्यांचे नॉर्मली क्लोज्ड संपर्क असावेत. तेच इंटरलॉक शक्य तिथे वायरिंगमध्येही घालावे.

वीज जाऊन आली तर काय, हाही प्रोग्रामचा भाग आहे. जिथे थांबला तिथूनच पुढे चालू झाला तर घोटाळा. काही सेकंद सगळीकडे पिवळा लुकलुकावा, मग सर्व लाल, मग पहिला टप्पा. पोलिसाच्या बटणाचेही तसेच. ते बटण कुठला दिवा लावायचा हे ठरवणारे नसावे, फक्त पुढच्या टप्प्यावर जा एवढेच सांगणारे असावे. मधला पिवळा आणि सर्व लाल पोलिसालाही टाळता येता कामा नये. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, तेव्हा ठरीव वेळापत्रकाला काही अर्थ राहत नाही. त्या दिवसांत हवालदाराच्या हाती चौक सोपवणारी व्यवस्था असलीच पाहिजे, आणि तिच्यातही चूक होऊ न देणारी कडी हवी.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. वर सांगितलेला शॉर्ट झालेला सॉलिड स्टेट रिले प्रोग्राममधल्या कुठल्याही इंटरलॉकने पकडला जात नाही, कारण पीएलसीच्या दृष्टीने सगळे ठीक असते. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. ते पीएलसीच्या आउटपुटकडे पाहत नाही, दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर प्रत्यक्ष वीज आहे का हे पाहते. दोन विरोधी हिरव्यांवर एकाच वेळी वीज दिसली की अर्ध्या सेकंदाच्या आत ते दिव्यांचा पुरवठा तोडते आणि स्वतंत्र फ्लॅशरवर चौक टाकते. त्याला कॉन्फ्लिक्ट मॉनिटर म्हणतात. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या नेमा टीएस-वनपासून ते आहे, आणि युरोपच्या ईएन १२६७५ या मानकाचा गाभाही हीच सुरक्षितता आहे. लाल दिवा जळाला तर तेही या यंत्राला कळायला हवे, कारण लाल न दिसणाऱ्या रस्त्यावरचा माणूस थांबेलच असे नाही. पीएलसीवर ट्रॅफिक सिग्नल केल्याची शेकडो प्रोजेक्टे दरवर्षी होतात. हे यंत्र त्यांत क्वचितच असते. परीक्षकांनी एकदा तरी विचारावे, की आता मी या दोन हिरव्या वायरी जोडतो, तुझा चौक काय करतो ते दाखव.

वेळ किती द्यायची, हा प्रश्न विजेचा नाही, रस्त्याचा आहे. पिवळ्यापासून सुरुवात करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चालकाला उमजायला एक सेकंद, आणि सेकंदाला तीन मीटरच्या दराने वेग उतरवायचा, असे धरले तर पिवळा पावणेतीन-तीन सेकंदांचा येतो. त्यानंतर चौक रिकामा व्हायला वेळ हवा. वीस मीटर रुंद चौक आणि पाच मीटर लांब गाडी मिळून २५ मीटर, त्याच वेगाने सव्वादोन सेकंद. तेवढा वेळ सर्व लाल. आपल्याकडे हा सर्व लाल फार मोलाचा आहे, कारण समोरच्याचा पिवळा दिसला की दुचाक्या रेषेपुढे सरकायला लागतात. पादचाऱ्याचे गणित आणखी सरळ. १४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटरच्या चालीने ओलांडायला बारा सेकंद लागतात. काठी टेकत जाणाऱ्या आजींची चाल ०.८ धरली तर साडेसतरा. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास कुठला आकडा घ्यायचा, हे सांगायला अभियंता लागत नाही.

हिरव्याची वाटणी १९५८ मध्ये ब्रिटनच्या वेबस्टर यांनी दिलेल्या सूत्राने आजही करतात. प्रत्येक टप्प्यात सुरुवातीला आणि शेवटी मिळून चारेक सेकंद वाया जातात. या सगळ्या वाया वेळेची दीडपट करायची, त्यात पाच मिळवायचे, आणि एकातून सगळ्या टप्प्यांचा भार वजा करून उरलेल्या आकड्याने भागायचे. भार म्हणजे त्या रस्त्यावर येणारी वाहने भागिले तो रस्ता सलग हिरव्यात जास्तीत जास्त वाहून नेऊ शकेल ती वाहने. सात रस्ता या नावाची गंमत इथे कळते. कागदावरचे उदाहरण घेऊ. सात वाटा, प्रत्येकीचा भार ०.१२, आणि प्रत्येकीला वेगळा हिरवा. वाया वेळ २८ सेकंद, एकूण भार ०.८४. उत्तर येते २९४ सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटांचे चक्र. एवढे थांबायला सोलापूरकर तयार होईल, असे कोणालाच वाटणार नाही. समोरासमोरच्या वाटांच्या जोड्या लावून चार टप्पे केले तर भार ०.४८ वर येतो आणि चक्र ५६ सेकंदांचे होते. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी एक टप्पा वाढवला, तर भार ०.६०, चक्र ८८ सेकंद. १२० सेकंदांपलीकडे चक्र जाऊ नये, हा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे प्रोग्राम कितीही सुबक असो, खरा निर्णय कागदावर जोड्या लावताना झालेला असतो, आणि कधी कधी एखादी वाट एकेरी करून चौकापासून दूर वळवणे हा सिग्नलपेक्षा चांगला उपाय ठरतो.

सूत्र ब्रिटनचे, रस्ता आपला. तिकडे गाड्या आपापल्या लेनमध्ये उभ्या राहतात. इथे लाल लागला की दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन रेषेवर जमतात आणि हिरवा लागताच थवा सुटावा तशा निघतात. त्यामुळे भारतीय रोड काँग्रेसच्या जुन्या पद्धतीत रस्त्याची क्षमता लेनवर नाही, रुंदीवर मोजतात: रुंदीच्या प्रत्येक मीटरला तासाला ५२५ मोटारींच्या तोडीची वाहतूक. सिग्नलच्या आखणीची आयआरसी ९३ ही मार्गदर्शिका १९८५ ची आहे. २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांवरच्या प्रत्यक्ष मोजणीतून इंडो-एचसीएम हा ग्रंथ सिद्ध केला, तो अधिक भरवशाचा. पण कुठल्याही ग्रंथाआधी सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा वाजता चौकात उभे राहून मोजणी करावी लागते. प्रकल्पवहीतले ‘हिरवा तीस सेकंद’ बहुधा मोजणीतून आलेले नसते. ते आकडा गोल दिसतो म्हणून आलेले असते.

मोठी शहरे यापुढे गेली आहेत. मुंबईत एरिया ट्रॅफिक कंट्रोल प्रकल्पाने अडीचशेच्या आसपास चौक एका नियंत्रण कक्षाला जोडले. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने लेन न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीसाठी कॉसिकॉस्ट ही पद्धत मुद्दाम घडवली. लंडन-सिडनीकडच्या स्कूट आणि स्कॅट्स या पद्धती तर जुन्याच. मुंबईत २०२० मध्ये हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा सिग्नलही पोलिसांनी करून पाहिला. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हॉर्न मात्र तसेच राहिले. या सगळ्यांत चौकातल्या डब्यात पीएलसी नसतो, सिग्नलसाठीच बनवलेला मायक्रोकंट्रोलरचा कंट्रोलर असतो. त्यात मॉनिटर अंगभूत, तापमान सोसण्याची ताकद, जीपीएसचे घड्याळ, मध्यवर्ती कक्षाशी बोलण्याची सोय. हे सगळे पीएलसीवर नव्याने उभे करणे म्हणजे खर्चही वाढवणे आणि चुकांना वावही देणे. पन्नास चौक एका सुरात बांधायचे असतील, तर पीएलसीचा हट्ट धरू नये.

पण सोलापूरचा प्रश्न तेवढाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत हे शहर आले. यंत्रे आणणे त्यानंतर कुठल्याच शहराला अवघड राहिले नाही. ती चालती ठेवणे मात्र अवघडच राहिले. महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यम शहरांत गोष्ट सारखीच घडते. सिग्नल महापालिका उभारते, चालवतात वाहतूक पोलीस, देखभाल ठेकेदाराकडे, वीज महावितरणची. ठेका संपला, कार्ड जळाले, ते कार्ड बनवणारी कंपनी दूरच्या राज्यात, आणि आतला प्रोग्राम कोणाकडेच नाही. मग डबा तसाच उभा राहतो, वर जाहिराती चिकटतात.

अशा ठिकाणी, एकट्या चौकासाठी, पीएलसीची बाजू भक्कम होते. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. बॉयलर, मिल, सेंट्रिफ्यूगल यांवर पीएलसी बसलेले आहेत आणि गळीत हंगाम संपला की ते तपासणारी माणसे जिल्ह्यात आहेत. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या यंत्रांवर, उजनीच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांवर याच जातीची विद्या लागते. पीएलसीचे कार्ड जळाले तर दुसरे पुण्याहून दुसऱ्या दिवशी येते. पुण्याच्या मेसुंगसारख्या कंपन्या देशातल्या देशात पीएलसी बनवत आल्या आहेत. लॅडर वाचणारा इलेक्ट्रिशियन गल्लीत सापडतो. मॉर्ली आणि मंडळींनी मोटार कारखान्यातल्या रात्रपाळीसाठी जे साधले, ते इथल्या चौकालाही मिळू शकते, अट एवढीच की कॉन्फ्लिक्ट मॉनिटर वेगळा आणि बाजारात सिद्ध झालेला घ्यावा. तो घरी बनवण्याची वस्तू नाही.

एक फसवणूक मात्र पीएलसीतही होते. पुरवठादार प्रोग्रामला पासवर्ड घालून ठेवतो. मग स्थानिक माणूस काहीही वाचू शकत नाही आणि वर सांगितलेला सगळा फायदा पाण्यात जातो. त्यामुळे निविदेतच लिहिले पाहिजे: पासवर्डविरहित प्रोग्राम, टिपणांसह, फेरूलच्या नंबरांसह वायरिंगचा नकाशा, एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत आणि एक महापालिकेच्या विद्युत विभागात, वेळांचा तक्ता आणि तो कोणत्या मोजणीतून आला ते. आणि सिग्नल ताब्यात घेण्याच्या दिवशी, वाहतूक थांबवून, पोलीस निरीक्षक आणि कनिष्ठ अभियंता यांच्यासमोर, प्रत्येक विरोधी जोडीच्या दोन हिरव्या वायरी टर्मिनलवर तात्पुरत्या जोडून पाहाव्यात. प्रत्येक वेळी चौक डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लुकलुकत्या दिव्यांवर जायला हवा. एका जोडीलाही तो गेला नाही, तर बिलावर सही होऊ नये.